सव्विसावा राऊंड

दहा हजार मीटर म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर पंचवीस राऊंड. हे मी सोळा वर्षं पोरापोरींना शिकवतोय आणि सोळा वर्षं त्यांना खोटं मोजून दाखवतोय. सरावात दमलेलं पोरगं समोरून आलं की ओरडायचं, "शेवटचा!" पोरगं जीव खाऊन पळतं, रेषेवर येतं, आणि मग आपण सांगायचं, "अजून एक." ते मनातल्या मनात शिव्या घालतं, पण पळतं. आमच्या माणदेशात बहुतेक मैदानांवर हेच चालतं. माझ्या मास्तरांनी माझ्याशी केलं, मी माझ्या पोरांशी केलं आणि बायकोशीही केलं. ‘मनाची तयारी’ या विषयावर तालुक्यात कुठंही भाषण असलं की काळेल सरांना बोलावणं यायचं, आणि काळेल सर, म्हणजे मी, छाती काढून सांगायचो की थकवा खोटारडा असतो, त्याचं ऐकायचं नाही.

त्या भाषणांचा आता मला इतका राग येतो की विचारू नका.

हर्षदा माझी बायको. लग्नाआधी वर्षभर ती माझ्या मैदानावर सरावाला यायची, त्यामुळे मैदानावर मी ‘सर’ आणि घरात ‘अहो’. पाय असे की मुरमावरून जाताना आवाज यायचा नाही. दम चांगला, शिस्त चांगली, आणि एकोणिसाव्या राऊंडला ती मोडायची. पुण्याच्या निवड चाचणीत तीन वर्षं पाठोपाठ एकोणिसाव्यालाच मागं पडली. एकदा चौथी, एकदा सहावी, एकदा तर ट्रॅक सोडून गवतावर बसली. निवडीचे लोक तिच्यासमोरच म्हणाले, "पोरगी मनानं कच्ची आहे." तिनं ते ऐकून घेतलं आणि बुटाच्या लेसा सोडायला लागली.

"अहो, तुमाला खरं सांगू?" परतीच्या एसटीत ती म्हणाली होती. "एकोणिसाव्याला कुनीतरी खांद्यावर हात ठिवतंय. म्हणतंय, बास कर बाई आता. मायेनं म्हणतंय, म्हणून ऐकू वाटतंय."

"त्येचंच ऐकायचं न्हाई," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मला तेवढं एकच येत होतं.

राष्ट्रीय शिबिरात घ्यायचं वय तिशीपर्यंत. हर्षदाला तिसावं लागलं होतं. २०३७ च्या एप्रिलमधली चाचणी तिची शेवटची, आणि त्यात पहिल्या दोघींनाच घेणार होते. शेवटची म्हणजे खरोखरच शेवटची. हे मी खोटं मोजलेलं नव्हतं.

टिकली आमच्याकडं आली ती त्याच्या आदल्या ऑगस्टात. साताऱ्याला जिल्ह्यातल्या सगळ्या क्रीडाशिक्षकांना आणि खेळाडूंना एका हॉलमध्ये बसवलं होतं. डॉ. इरावती सहस्रबुद्धे म्हणून एक बाई आल्या होत्या, मेंदूवर काम करणाऱ्या. पन्नाशीच्या, आवाज गोड, समजावून सांगण्याची हातोटी अशी की शेवटच्या रांगेलाही झोप लागू नये.

त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी पीठ संपलं असं म्हणतात, तेव्हा डबा खरंच रिकामा असतो का?"

मागून एका खेळाडूची आई ओरडली, "न्हाई! पावन्यापुरतं ठिवावं लागतंय."

"बरोबर. मेंदूही हेच करतो," बाई म्हणाल्या. "पळताना तुमच्या स्नायूंमध्ये अजून ताकद असते, पण मेंदू आधीच सांगतो, संपलं. कारण पुढं किती पळायचंय याची त्याला खात्री नसते. आता शेवटच्या राऊंडला काय होतं ते आठवा. बाविसाव्याला मेलेला माणूस, बेल वाजली की सुसाट सुटतो. ताकद खरंच संपली होती, तर ती आली कुठून? ती होतीच. शेवट दिसला, म्हणून मेंदूनं डबा उघडला."

मग त्यांनी पडद्यावर दाखवलं. बेल ऐकल्यावर पळणाऱ्याच्या मेंदूत, कपाळाच्या बरोबर मागं खोलवर, चिंचोक्याएवढ्या एका जागेत ठरावीक लय उमटते. त्यांच्या प्रयोगशाळेनं शेकडो धावपटूंची ती लय नोंदवून घेतली होती. आणि आता कपाळावर चिकटवायची एक चकती केली होती, नखाएवढी. तिच्यातून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत जातात आणि त्या चिंचोक्याला तीच लय धरायला लावतात. चकती अंगाच्या उबेवर चालते. ती लावली की मेंदूला वाटतं, बेल वाजली, हा शेवटचा राऊंड. आणि असं प्रत्येक राऊंडला वाटत राहतं. तिचं नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. आमच्या पोरींनी त्याच दिवशी तिला टिकली म्हणायला सुरुवात केली.

"आन् सगळं पीठ संपल्यावर पावना आला तर?" मागच्या त्याच बाईंनी विचारलं.

हॉल हसला. डॉक्टरबाईही हसल्या. "थोडं राखून ठेवायची सोय आम्ही केलीय," त्या म्हणाल्या. मीही हसणाऱ्यांत होतो. टिकलीला स्पर्धेत बंदी नव्हती. त्यावर समिती बसली होती, आणि समिती बसली की किती दिवस बसते हे आपल्याला ठाऊकच आहे.

पहिल्या दिवशी मी पांढरी फक्की मारून ट्रॅकच्या रेषा ताज्या केल्या. हर्षदानं टिकली लावली, आरशात पाहून सरळ केली आणि पळायला लागली. सोळा, सतरा, अठरा. एकोणिसाव्याला मी घड्याळ सोडून तिच्या खांद्यांकडंच बघत राहिलो. ती आली तशी गेली. विसावा झाला, बाविसावा झाला, पंचविसावा झाला, आणि मी थांब म्हणालो तशी थांबली. गुडघ्यावर हात ठेवून रडायला लागली. मी घाबरून जवळ गेलो.

"हात आलाच न्हाई, सर," ती रडत हसत म्हणाली. "खांद्यावर कुनी हातच ठिवला न्हाई."

मीसुद्धा रडलो. खोटं कशाला सांगू? त्या संध्याकाळी आम्ही भेळ खायला गेलो आणि ती निवड झाल्यावर कोणते बूट घेणार याबद्दल तासभर बोलत होती. पस्तीस मिनिटांची बाई गणपतीपर्यंत चौतीसच्या आत आली, दिवाळीपर्यंत साडेतेहतीस. शाळेत हेडमास्तर मला बघून खुर्चीतून उठायला लागले.

दिवाळीच्या फराळानंतर एका संध्याकाळी मी घरी आलो तर ती भाकरी करत होती. ताटात भाकऱ्यांचा ढीग. आम्ही दोघंच माणसं.

"कोन येनाराय?" मी विचारलं.

"कोन न्हाई."

"मग एवढ्या?"

तिनं ढिगाकडं पाहिलं. तोंडावर असा भाव, जणू त्या दुसऱ्या कुणी केल्या. "पीठ हुतं म्हणून करत गेले," ती म्हणाली. मी मोजल्या, एकतीस होत्या. दोन दिवस शेजारपाजारच्यांना आणि गुरांना वाटल्या. मी म्हणालो, तुझं लक्ष नव्हतं. पण मग केस विंचरणं तसंच, टाळू लाल होईपर्यंत. भांडी घासणं तसंच. आणि एका रविवारी सासूबाईंचा फोन मला आला.

"जावईबापू, हर्षी बरी हाय न्हवं? फोन ठिवतच न्हाई ओ. मी म्हणते ठिवते, तर म्हणती, आनि काय? दीड-दीड तास. शेवटी मलाच ठिवावा लागतोय, मग जिवाला लागतंय."

"सराव जास्त झालाय, मामी," मी म्हणालो.

मैदानावर तर ती पूर्ण माझ्या आवाजावर आली होती. कितवा राऊंड चाललाय हे तिला आतून कळायचंच नाही, कारण तिच्यासाठी प्रत्येक राऊंड शेवटचाच. "तुमी म्हणाल तवा संपलं, सर," ती म्हणायची. डिसेंबरात एकदा मला हेडमास्तरांचा फोन आला. बोलता बोलता मी झाडाखाली गेलो आणि विसरलो. परत आलो तर ती पळतेच आहे. घड्याळावरून हिशेब केला, एकतीस राऊंड झाले होते. मी तो किस्सा स्टाफरूममध्ये हसत सांगितला. सगळ्यांनी कौतुक केलं. एवढी जिद्द, म्हणाले.

तरी मनात कुठंतरी पाल चुकचुकली, म्हणून जानेवारीत डॉ. सहस्रबुद्धेंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काळेल सर, एसटी स्टँडला लागून ज्याचं घर असतं, त्याला गाड्यांचे हॉर्न ऐकू येईनासे होतात. तसं झालंय," त्या म्हणाल्या. "बेल सारखीच वाजत राहिली, म्हणून मेंदूनं ती ऐकणं सोडलं. आता कशाचाच शेवट त्याला शेवट वाटत नाही. जेवण, बोलणं, पळणं, कशाचाच. टिकली काढा. सहा-आठ आठवड्यांत परत येईल, बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"आम्हालाही हे आत्ताच कळतंय," त्या म्हणाल्या. आवाजातला गोडवा गेला होता.

आठ आठवडे टिकली काढली असती तर मार्चचा दुसरा आठवडा उजाडला असता, आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी चाचणी. मी कॅलेंडरसमोर उभा राहून ते मोजलं आणि टिकली काढायला सांगितली नाही.

त्यानंतर दहा दिवसांनी, बावीस जानेवारीला, दुसरा फोन आला. शिबिराच्या फॉर्मला हृदयाच्या तपासण्या जोडायच्या होत्या, त्या आम्ही साताऱ्याला करून आलो होतो. आमच्याकडं सगळ्या कागदांवर नवऱ्याचाच नंबर देतात. गॅसला, बँकेला, दवाखान्यात. तिच्या तपासण्यांवरही माझाच होता, म्हणून रिपोर्ट माझ्या फोनवर आला आणि डॉक्टरांचा फोनही मलाच आला.

"त्यांच्या हृदयाच्या स्नायूवर दोन ठिकाणी व्रण आहेत," डॉक्टर म्हणाले. "शरीर थांब म्हणतं तिथं त्या थांबतच नसाव्यात. पळणं बंद. आजपासून. हृदयाची लय बिघडली तर मैदानातून दवाखान्यापर्यंत यायलाही वेळ मिळणार नाही. त्या आहेत का जवळ? मी बोलतो."

हर्षदा दहा पावलांवर कपडे वाळत घालत होती.

"बाहेर गेलीय," मी म्हणालो. "मी सांगतो तिला."

यावर लोक मला राक्षस म्हणतील, आणि म्हणू देत. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगतो. मला वाटलं, हाही एकोणिसाव्या राऊंडचा हात आहे. तोच सूर, तीच माया, तेच ‘बास करा आता’. सोळा वर्षं मी उभ्या तालुक्याला सांगत आलो होतो की थांब म्हणणारा आवाज खोटा असतो. या वेळी तो खरा होता, डॉक्टरच्या तोंडून आला होता, तरी मला ओळखू आला नाही. दुसऱ्या कुणा धंद्यातल्या माणसानं बायकोला दवाखान्यात नेलं असतं. मी मास्तर होतो, मी मनातल्या मनात म्हणालो, शेवटचे अडीच महिने. एप्रिल झाला की सांगू.

रिपोर्टऐवजी फॉर्मला फिटनेसचा दाखलाही चालत होता. त्यावर गावातल्या डॉक्टरांनी न बघता सही केली. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता.

"अहो, रिपोर्ट आले का?" तिनं त्या आठवड्यात विचारलं.

"आले. नॉर्मल."

फेब्रुवारीत मी तिला शिंगणापूरच्या घाटात चढावर पळवलं. तीन वेळा. नंतर मलाच भीती वाटायला लागली, म्हणून काहीतरी निमित्त काढून सराव निम्म्यावर आणला आणि स्वतःची समजूत घातली की मी तिला जपतोय. मार्चमध्ये एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. निवडून झालेले पुन्हा निवडत होती. मी समोर बसलो आणि सूप बाजूला केलं, म्हणजे ती थांबली.

"परवा छातीत जरा फडफडलं," ती सहज म्हणाली. "पाखरू अडकल्यावानी. मग म्हटलं, रिपोर्ट तर नॉर्मल हाय, म्हंजे थकव्याचंच नाटक. मी काय त्येचं ऐकते व्हय?"

माझंच वाक्य होतं ते, भाषणातलं. मी तिचा हात धरला, आणि तोंड उघडलं. ती इतकी खुशीत माझ्याकडं बघत होती. चार वर्षांत तिला कुणी मनानं कच्ची म्हणालं नव्हतं असे हे पहिलेच महिने होते.

"काय ओ?"

"काय न्हाई. चहा टाक."

चाचणीच्या सकाळी पुण्यात ऊन आठलाच चटके देत होतं. हर्षदा बनियनला नंबर लावत होती. पिना चार लागतात. तिनं सहा लावल्या होत्या आणि सातवी हातात होती. मी ती काढून घेतली. रात्रभर मी ठरवलं होतं की आता सांगायचंच.

"हर्षदा, नको पळूस."

"आँ?"

"नको पळूस आज. घरी जाऊ."

ती हसली. खळखळून हसली, बाजूच्या पोरी वळून बघायला लागल्या. "आता तुमीच भ्यायला लागला व्हय, सर? सोळा वर्सं लोकाला शिकवताय की." आणि मग माझ्या शर्टाची कॉलर नीट करत हळूच म्हणाली, "यंदा न्हाई मोडत मी. बगा तर."

खेळाडूंना आत बोलवायला अजून दोन मिनिटं होती. जे सांगायचं होतं ते दहा सेकंदांचं होतं. मी तिच्या नंबरकडं बघत उभा राहिलो. नाव पुकारलं, ती गेली.

प्रशिक्षकांना दोनशे मीटरच्या खुणेपाशी कठड्याबाहेर उभं करतात. ट्रॅकच्या आतल्या कडेला ठरलेला वेग दाखवणारे हिरवे दिवे एकामागून एक पेटत पळत होते आणि हर्षदा त्यांच्या बरोबर होती. रेल्वेच्या संघातली एक उंच पोरगी पुढं, हर्षदा तिच्या खांद्याला खांदा लावून, बाकीच्या मागं पसरलेल्या. दहा झाले. पंधरा झाले. माझ्या घड्याळात प्रत्येक राऊंड अठ्ठ्याहत्तर सेकंदांचा पडत होता, एकही इकडचा तिकडं नाही. एकोणिसावा आला आणि गेला. शेजारचे कोच म्हणाले, "काळेल सर, जिंकलात की राव."

एकविसाव्याला ती समोरून गेली तेव्हा तिचे ओठ निळे होते.

मी कठड्यावर वाकून ओरडलो, "थांब! हर्षदा, थांब!" आजूबाजूचे लोक माझ्याकडं बघायला लागले. ती पुढं निघून गेली. बाविसाव्याला मी जीव तोडून ओरडलो, "संपलं! पंचवीस झाले! संपलं!" तिनं ऐकलं. मान किंचित वळवली आणि ओठाच्या कोपऱ्यातून हसली. मला ते हसू कळलं. तिला वाटलं, सर नेहमीचा डाव खेळतायत. संपलं म्हणतील आणि रेषेवर गेलं की अजून एक म्हणतील. सहा वर्षांत माझं पहिलं ‘संपलं’ कधीच खरं निघालं नव्हतं, मग आज तिनं ते का मानावं? मी पंचांकडं धावलो, तर स्वयंसेवकांनी दंड धरले. "तिचं हृदय खराब आहे, शर्यत थांबवा," मी म्हणालो. एकानं टॅबवर बघून सांगितलं, "फिट सर्टिफिकेट जोडलंय, सर. शांत व्हा." ते सर्टिफिकेट मीच जोडलं होतं.

बेल वाजली. रेल्वेवाली सुटली. हर्षदाच्या वेगात काही फरक पडला नाही, तिच्यासाठी ती बेल पहाटेपासून वाजतच होती. बत्तीस मिनिटं एकोणतीस सेकंदांत ती दुसरी आली. निवड झाली होती.

रेल्वेवाली रेषेपलीकडं आडवी झाली. तिसरी गुडघ्यांवर बसली. हर्षदा पळत राहिली.

स्पीकरवरचा माणूस म्हणाला, "आणि हा विजयाचा राऊंड! टाळ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. सव्विसाव्या राऊंडला टाळ्या पडत होत्या आणि मला धरणारे स्वयंसेवकही टाळ्या वाजवायला लागले, तेवढ्यात मी कठडा ओलांडला.

माझा उजवा गुडघा दहा वर्षांपासून गेलेला आहे. तरी मी तिला पलीकडच्या वळणावर गाठलं, आडवा जाऊन. दंड धरला, तिनं झटकला. माणसाच्या अंगात नसावी एवढी ताकद होती त्या झटक्यात. मी तिच्या कपाळावरची टिकली ओरबाडून काढली. काही फरक पडला नाही. त्या मेंदूला आता टिकलीची गरजच राहिली नव्हती.

मग मला एकच गोष्ट सुचली. मी तिच्या पुढं झालो आणि पळायला लागलो, सरावात वारा अडवायला पळायचो तसा. ती आपोआप माझ्या पाठीमागं आली. एवढं तिच्या पायांना माहीत होतं. मी वेग थोडा कमी केला, तिनं केला. अजून थोडा केला. लंगडत, गुडघ्यातून कळा येत असताना, मी अर्धा राऊंड तिला तसा उतरवत आणला. पळण्यावरून दुडक्या चालीवर, दुडक्या चालीवरून चालण्यावर. पण मी थांबलो की ती मला वळसा घालून पुढं निघाली. म्हणून मी परत तिच्या बरोबरीनं चालायला लागलो. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"किती ऱ्हायले, सर?"

"एकपन न्हाई."

"खरं सांगा की."

"देवाशपथ. संपलं सगळं."

"मग म्हणाल, अजून एक," ती म्हणाली आणि चालत राहिली.

माझ्याकडं दुसरं काही उरलं नव्हतं. शिकवलेलं सगळं संपलं होतं, शपथही कामाला आली नव्हती. जे अडीच महिने पोटात ठेवलं होतं, तेवढंच शिल्लक होतं.

"हर्षदा, बावीस जानेवारीला तुझा रिपोर्ट आला. तो नॉर्मल नव्हता."

ती चालत होती.

"हृदयावर दोन जखमा हायेत. डॉक्टर म्हणाले हुते, पळणं बंद, आजपासनं. तुला सांगतो म्हणालो आन् सांगितलं न्हाई."

"नॉर्मल म्हणाला हुता तुमी."

"खोटं बोललो."

आठ-दहा पावलं ती तशीच गेली. मग म्हणाली, "शिंगणापूरचा घाट फेब्रुवारीत पळिवलासा."

"हो."

"तीनदा."

"हो."

"छातीत फडफडतंय म्हणून सांगितलं मी. तांदूळ निवडत हुते. तुमी चहा टाक म्हणाला." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "तवा ठावं हुतं?"

"ठावं हुतं."

हर्षदा थांबली.

वळणाच्या मधोमध, पहिल्या लेनमध्ये. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी काही सांगितलं नाही. दिवाळीपासून मी तिला स्वतःहून थांबताना एकदाही पाहिलं नव्हतं, भाकऱ्या करतानाही नाही, केस विंचरतानाही नाही. सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला आनंद झाला. वाचली, एवढंच मनात आलं. मग मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. रागानं बघत असती तर बरं झालं असतं. ती अनोळखी माणसाकडं बघावं तशी बघत होती, हा कोण आणि इतका जवळ का उभा आहे असं.

ती हळूच खाली बसली, मग आडवी झाली. मी ओरडलो. आता सगळे धावले. हिरव्या जॅकेटातल्या दोन मुली स्ट्रेचर घेऊन आल्या, एकीनं छातीवर तारा लावल्या. "लय बिघडलीय, पण नाडी लागतेय," ती म्हणाली. "उचला लवकर." मी स्ट्रेचरचा एक दांडा धरला आणि ॲम्ब्युलन्सपर्यंत लंगडत गेलो.

"तुम्ही कोण यांचे?" आत चढताना त्या मुलीनं विचारलं.

मी सांगणार होतो. हर्षदानं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"कोच हायेत," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "त्यांना गाडीत नका घेऊ."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं, हर्षदाकडं पाहिलं, आणि दार ओढून घेतलं. गाडी मैदानाच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी तिथंच ट्रॅकवर उभा होतो. पुढची शर्यत पुरुषांची होती, पोरं रेषेवर येऊन उड्या मारत होती.

पंचांनी शिट्टी वाजवली. "ओ सर, ट्रॅक सोडा," ते म्हणाले.

मी बाजूला झालो.